दीड कट्ट्याची बाई

आमच्या घरमालकीण काकू नवऱ्याशी बोलत नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी त्यांच्या म्हशीकडून कळलं. म्हणजे बोलल्या काकूच, पण म्हशीशी. मी बॅग घेऊन दारात उभी होते. काका ओसरीवर पेपर वाचत बसले होते आणि त्यांच्यापासून चार हातांवर उभ्या राहून काकू म्हशीला सांगत होत्या, "त्यांना म्हणावं, चहा निवायलाय." म्हशीनं कान हलवला. काकांनी पेपरातून मान वर न काढता म्हशीलाच कळवलं, की आलो म्हणावं. मग ते उठून आत गेले आणि म्हैस पुन्हा रवंथ करू लागली. तिला या कामाची सवय असावी.

मी नगरकडची. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नेमणूक झाली ती घाटनांदूरजवळच्या एका लहान गावात. तिथं एकट्या बाईला भाड्यानं मिळण्यासारखी एकच खोली होती, ती या काकूंची. भाड्यावरून त्यांनी घासाघीस केली नाही. अट एकच घातली, की घरात असले की निरोप पोचवायचे. म्हैस नीट पोचवत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा अबोला कशावरून, ते मला शेजारणींनी आठवड्याभरात सांगून टाकलं. गावचं सरपंचपद एकदा बायकांसाठी राखीव झालं. काकांचा पिढीजात पुढारपणा आणि काळी जमीन, त्यामुळे ते पद घराबाहेर जाऊ देणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी काकूंना न विचारता त्यांचा अर्ज भरला. बॅनरवर काकूंचा फोटो आधार कार्डावरचा होता, आणि काकांचा त्याच्या तिप्पट, गॉगल लावलेला. काकू निवडून आल्या. पहिल्या दिवशी नवी साडी नेसून ग्रामपंचायतीत गेल्या, तर सरपंचाच्या खुर्चीवर काका. त्यांनी काकूंना सांगितलं, की इथं सगळी गडीमाणसं आहेत, तू घरी जाऊन चहा पाठव. काकूंनी ग्रामसेवकाकडं तोंड केलं आणि म्हणाल्या, त्यांना सांगा, खुर्ची रिकामी करा.

ग्रामसेवक बिचारा नवीन होता. त्यानं सांगितलं. काका हसत उठले, त्यांना ती थट्टा वाटली. काकू बसल्या त्या पाच वर्षं बसल्या. खुर्चीचे हात तेवढे दुसऱ्या दिवशी सुताराकडून कापून घ्यावे लागले. मुदत संपली, पद गेलं, पण नवऱ्याशी बोलणं काही सुरू झालं नाही. बाकी संसारात कसूर नव्हती. काकांचं ताट वेळेवर, कपड्यांना कडक इस्त्री, आजारपणात उशापायथ्याशी काकूच. फक्त शब्द नव्हता. घरात कुणी नसलं तर त्या कुकरला सांगत, कुकर नसला तर भिंतीला. आणि काकाही त्याच वाटेनं उत्तर देत. एकदा मी दोघांना देवघरातल्या बाळकृष्णामार्फत गॅस सिलिंडरवरून भांडताना ऐकलं. देवाचं काय होत असेल, देवच जाणे.

काकू उंचीनं आणि रुंदीनं सारख्याच प्रशस्त होत्या. ऑटोवाला त्या बसल्या की शेजारी दुसरी सवारी घेत नसे, आणि तरी ऑटो एका अंगाला कलूनच जाई. स्वतःच्या आकाराबद्दल त्यांना लाज अजिबात नव्हती. त्या स्वतःला 'दोन कट्ट्यांची बाई' म्हणत. कट्टा म्हणजे पन्नास किलोचं पोतं. सोयाबीन असो, हरभरा असो की माणूस, काकूंच्या हिशेबाचं माप तेच. काका त्यांच्या मते एका कट्ट्याचे होते, 'तेबी भिजलं तर.'

मग काकांची मूत्रपिंडं गेली. साखर आणि रक्तदाब दोन्ही त्यांनी अनेक वर्षं पुढाऱ्यासारखे हाताळले होते, म्हणजे आश्वासनांवर. पाय सुजले, तोंड सुजलं, आणि आठवड्यातून तीनदा अंबाजोगाईला डायलिसिस सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणाचं मूत्रपिंड जुळत असेल तर बघा. मुलगा पुण्याला, त्याचा रक्तगट जुळला नाही. काकूंचा जुळला. गावाला हे कळलं तेव्हा पाराजवळ बसणाऱ्यांनी एकमेकांना टाळ्या दिल्या म्हणे. ज्या बाईनं नवऱ्याला इतक्या वर्षांत एक शब्द दिला नाही, ती काय मूत्रपिंड देणार.

काकूंनी मला सांगितलं, की त्यांना सांगा, मी देणार हाय. मी ओसरीवर जाऊन सांगितलं. काकांनी पेपराची घडी घातली, उघडली आणि पुन्हा घातली. मग म्हणाले, तिला म्हणावं, नको. मी आत गेले. काकू भाकरी थापत होत्या, थापताना हात थांबला नाही. म्हणाल्या, "त्यांना सांगा, इचारलं न्हाई मी. अर्ज भरताना मला कुणी इचारलं होतं?"

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. मीही बरोबर गेले होते, कारण तिथं म्हैस नव्हती. सगळं चांगलं निघालं. साखर नाही, रक्तदाब नाही. वजन मात्र एकशे एक. तिथले डॉक्टर सौम्य होते. त्यांनी समजावून सांगितलं, की इतक्या वजनात ऑपरेशन तुमच्याच जिवाला धोक्याचं, आणि पुढं एका मूत्रपिंडावर एवढा भार बरा नाही. ऐंशीच्या खाली या, मग बघू. काकूंनी विचारलं, ऐंशी म्हणजे किती. डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मग काकूंनीच हिशेब केला आणि जाहीर केलं, की ऐंशी हा काही आकडा नव्हे, आपण दीड कट्टा करू. पंचाहत्तर. डॉक्टर म्हणाले, एवढं नाही केलं तरी चालेल. काकू म्हणाल्या, अर्धवट माप आमच्यात घेत न्हाईत.

परत येताना गाडीत काका पुढं आणि आम्ही दोघी मागं. मी काकूंना हळूच विचारलं, की एवढा राग आहे तर हे कशासाठी. मला काहीतरी हळवं उत्तर अपेक्षित असावं. काकूंनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, की एकदा त्यांनी माझ्या खुर्चीवर बसून बघितलं. आता उरलेला जन्म माझ्या मूत्रपिंडावर बसू दे. रोज सकाळी आठवण तर होईल. पुढच्या सीटवर काकांचे कान लाल झाले. हा निरोप मला पोचवावा लागला नाही.

*

वजन उतरवायचं म्हणजे आधी मोजायचं. मुलानं पुण्याहून काचेचा डिजिटल काटा पाठवला. काकूंनी तो उलटासुलटा करून बघितला आणि लोणच्याच्या बरणीखाली ठेवून दिला. दोन पावलांच्या पाटीवर माणसाचं वजन कळतं, हे त्यांना पटेना. त्यांचा विश्वास घाटनांदूरच्या एका आडत दुकानातल्या लोखंडी काट्यावर होता, ज्याच्यावर त्यांच्या शेतातला माल वर्षानुवर्षं मोजला गेला होता. दर बाजाराच्या दिवशी त्या ऑटोनं तिथं जात. हातातल्या पाटल्या काढून माझ्याकडं देत, चपला काढत आणि दोन पोत्यांच्या मधल्या जागेत काट्यावर मांडी घालून बसत. साडी दर वेळी तीच, विटकरी रंगाची, म्हणजे साडीच्या वजनाचा घोळ नको.

पहिल्याच वेळी त्यांचं आडत्याशी वाजलं. त्यानं काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला. काकूंनी विचारलं, कडता कुठं गेला. कडता म्हणजे शेतकऱ्याचा माल घेताना माती, ओल, बारदाना अशी कारणं सांगून वजनातून काही किलो कापून घेतात तो. काकूंचं म्हणणं सरळ होतं. माझं सोयाबीन आणलं की ओल धरता, मग माझ्यात ओल न्हाई का. सकाळपासून दोन तांबे पाणी प्यालेय. आडत्या हात जोडायला लागला. हमाल पोत्यांवर बसून हसू लागले. शेवटी आडत्यानं एक किलो कडता कबूल केला, आणि गावात परत जाताना काकू एक किलोनं हलक्या होऊन ऑटोत बसल्या. मी म्हटलं, काकू, डॉक्टर हा कडता धरणार नाहीत. त्या म्हणाल्या, माहीत हाय गं, पण आयुष्यात एकदा तरी त्याच्याकडून घेतला का न्हाई.

पुढं पुढं त्या वजनाला गर्दी जमू लागली. बाजाराला आलेली माणसं आपली पिशवी बाजूला ठेवून थांबत. हमालांच्यात पानाच्या पैजा लागत. काकूंचं वजन उतरलं की ज्यांचं पान जायचं ते तोंड पाडत. काकू त्यांना म्हणत, "तुमच्या पानापाई मी खाऊ का बे?"

एकदा व्यापाऱ्यांचा बंद होता आणि आडत उघडली नाही. काकू बेचैन. संध्याकाळी त्या दवाखान्यात आल्या आणि माझ्या टेबलावरची फीत उचलली. जनावराचं वजन काटा नसताना काढायचं तर छातीचा घेर आणि अंगाची लांबी मोजतात आणि एका सूत्रात घालतात. काकूंनी ते म्हशीच्या वेळी पाहिलं होतं. म्हणाल्या, माझं काढा. मी पुष्कळ समजावलं, की हे सूत्र चार पायांच्या जिवासाठी आहे. त्यांनी दार लावलं आणि हात वर करून उभ्या राहिल्या. मी घेर घेतला. लांबी खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत घ्यायची असते. तिथं थोडी चर्चा झाली. हिशेब केला तर वजन सत्तरच्या आत आलं. काकूंच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी माझ्यापुढं कोरा कागद ठेवला आणि म्हणाल्या, यावर लिवून सरकारी शिक्का मारा, मी मोठ्या डॉक्टरला दावते. मी म्हटलं, मी तुम्हाला फार तर चार-पाच महिन्यांची निरोगी रेडी म्हणून दाखला देऊ शकते. त्यांनी जरा विचार केला. मग कागद घडी करून परत दिला आणि म्हणाल्या, ठेवा, पुढं लागंल.

*

चालायला डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण रिकामं चालणं काकूंना जमेना. हातात काही नाही, कुठं जायचं नाही आणि माणूस चाललाय, याला त्या वेड लागणं म्हणत. म्हणून त्या काम काढून चालू लागल्या. सकाळी याच्या घरी जाऊन बाळंतिणीची चौकशी, संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन हळदीचं विचारणं. प्रत्येक घरी चहा. आमच्याकडचा नव्हे, तिकडचा चहा, ज्यात आधी साखर टाकतात आणि मग जागा उरली तर दूध. नको म्हटलं तर घरची बाई रुसते. पुढच्या बाजारी काट्यावर बसल्या तर वजन वाढलेलं. आडत्या म्हणाला, आता कडता धरू का. काकूंनी पाटल्या चढवल्या आणि चपला घातल्या. परतीच्या वाटेवर ऑटोत एकदम म्हणाल्या, की ज्या घरी चहा मिळणार न्हाई अशा घरी गेलं पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून त्या फक्त भांडण असलेल्या घरी जाऊ लागल्या. सरपंच असताना त्यांनी अशी घरं भरपूर जमवली होती. कुणाची नाली अडवलेली, कुणाचं अतिक्रमण काढलेलं, कुणाच्या सुनेला सासूसमोर खरं बोलायला लावलेलं. काकू त्यांच्या दारात जात, उभ्या राहत, वेळ मारून नेण्यापुरतं काहीतरी बोलत आणि पुढच्या शत्रूकडं निघत. गावाच्या पार टोकाला, ओढ्यापलीकडं, त्यांचे सगळ्यात जुने दोन वैरी राहत, त्यामुळे चालणंही चांगलं होई. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी पुढं करत नसे. वजन उतरू लागलं.

गावाला वाटलं, बाई पुन्हा उभी राहतेय. विरोधी पॅनलच्या लोकांनी तातडीची बैठक घेतली म्हणे. काकूंच्या दृष्टीनं खरी आपत्ती वेगळीच होती. रोज दारात येणाऱ्या माणसाशी किती दिवस भांडत राहणार. एकेक घर विरघळू लागलं. कुणी बाज टाकली, कुणी सुपारी पुढं केली, आणि एके दिवशी ओढ्यापलीकडच्या जुन्या वैरिणीनं साखर घालून चहा आणला आणि डोळे पुसत म्हणाली, की झालं गेलं जाऊ द्या. काकू संतापून घरी आल्या. चपला काढता काढता मला म्हणाल्या, आणखी एक घर मेलं. आता नवं भांडण कुठून आणू.

त्यांनी आणलं. पाणी सोडणाऱ्याशी, दूध डेअरीवाल्याशी, माझ्या कंपाउंडरशी, नुसत्या चालण्याच्या सोयीसाठी. त्या वर्षात गावातली जुनी भांडणं बरीचशी मिटली आणि नवी तेवढीच निघाली, पण नवी सगळी एका बाईची होती, त्यामुळे गाव एकंदरीत शांत होतं.

खाण्याचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. दवाखान्यातल्या बाईंनी आहाराचा तक्ता दिला होता. त्यात ओट होते. काकूंनी चौकशी केली आणि ते घोड्याला घालतात असं कळल्यावर त्यांनी तक्ता माझ्याकडं दिला, माझ्या खात्यातलं काम म्हणून. स्वतःसाठी त्यांनी एक नियम केला. भाकरी वाटीच्या तोंडाएवढी, आणि दोन वेळा एक एक. भुकेनं त्यांचा स्वभाव आणखी मोकळा झाला. त्या शिव्या द्यायच्या, पण शिव्यांना काही धरबंध असतो तो गेला. पावसाला दिल्या, टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमाला दिल्या, पुण्याच्या मुलानं फोनवर जेवलात का विचारलं म्हणून त्याला दिल्या. एकट्या काकांना दिल्या नाहीत, कारण त्यांच्याशी बोलायचं नव्हतं.

येळवस आली. म्हणजे वेळ अमावास्या. आमच्याकडं नसते, पण अंबाजोगाई-लातूरच्या पट्ट्यात त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होऊन शेतात जातात आणि दिवसभर जेवतात. काकूंच्या शेतात दरवर्षी अर्धं गाव असे. त्या वर्षीही होतं. हिरवे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीचा मोठा हंडा, बाजरीचे उकडलेले उंडे, ताकातल्या आंबिलीची मडकी. काकूंनी सगळं स्वतः केलं, सगळ्यांना आग्रह करून वाढलं, मला तर उठता येईना एवढं. आणि स्वतः बांधावर वाटीएवढी भाकरी घेऊन बसल्या. चिंचेच्या झाडाच्या दुसऱ्या बाजूला काका बसले होते. त्यांना मीठ बंद, पाणीसुद्धा मोजून. आंबिलीचं मडकं त्यांच्यापुढून जायचं आणि ते मान फिरवायचे. दोन माणसं, मध्ये झाडाचं खोड, आजूबाजूला माणसं जेवून जेवून आडवी झालेली.

काकांनी मला हात करून बोलावलं. म्हणाले, "तिला म्हणावं, माझ्यापाई उपाशी राहू नको. मला न्हाई बघवत."

मी झाडाला वळसा घालून काकूंकडं गेले. त्यांनी खोडापलीकडून ऐकलं होतंच. तरी मी सांगितलं. त्या भाकरीचा तुकडा हातात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, त्यांना सांगा, त्यांच्यापाई न्हाई, दीड कट्ट्यापाई हाय. मी वळले तशी त्यांनी माझा हात धरला आणि आवाज उतरवून विचारलं, की त्यांनी काही खाल्लं का. मी म्हटलं, अर्धी भाकरी, दूध नाही, भाजी नाही. काकूंनी हातातला तुकडा खाली ठेवला आणि तो परत उचलला नाही.

त्यानंतर वजन हटून बसलं. ऐंशीच्या जरा वर. बाजारामागून बाजार गेले, आकडा हलेना. काकांची तब्येत उतरत चालली होती. डायलिसिसवरून आले की दुसऱ्या दिवसापर्यंत अंथरुणातून उठत नसत, आणि मुलगा पुण्याहून शनिवारी येऊन रविवारी जात होता. एका बाजाराच्या दिवशी काकू काट्यावरून उठल्याच नाहीत. मांडी घालून बसून राहिल्या. मागं गाडीतून माल उतरत होता, हमाल पोती पाठीवर घेऊन ताटकळले. काकूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मला म्हणाल्या, "पोरी, सगळं दिलं. आता अंगातलं काय काढू?"

मी जनावरांची डॉक्टरीण. त्यांच्या पाटल्या मुठीत धरून मी काट्याजवळ वाकले. एक म्हातारा हमाल पाठीवरचं पोतं खाली टाकून पुढं आला आणि म्हणाला, की बाई, आमची पानं गेली तरी चालतील, पण उठा. काकूंना हसू आलं. त्यांनी हात पुढं केला. त्यानं आणि मी मिळून त्यांना उठवलं.

काही आठवडे असेच गेले, आणि मग आकडा हलला. का हलला ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. काकूंच्या मते त्या आठवड्यात त्यांचं एकाच वेळी तीन घरांशी भांडण चालू होतं. संभाजीनगरला गेलो तेव्हा वजन भरलं अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर खूश झाले. काकू खट्टू. त्यांना दीड कट्टाच हवा होता, आणि त्यांनी डॉक्टरांना उरलेल्या तीन किलोंसाठी एक महिना मागितला. डॉक्टरांनी काकांकडं बघितलं आणि सांगितलं, की एवढा वेळ नाही.

*

ऑपरेशनच्या आधी एका समितीपुढं नवराबायकोची मुलाखत असते, कॅमेरा लावून. कुणी धाकानं किंवा लोभानं अवयव देत नाही ना, हे तपासायला. मी नातेवाइकांच्या बाकावर, मुलाशेजारी. समोर टेबलामागं चारपाच जण, मध्ये एक वयस्क डॉक्टर. काकूंनी तीच विटकरी साडी नेसली होती. ती आता अंगाभोवती दोनदा फिरत होती.

नाव, गाव, लग्न कधी झालं, मुलं किती, इथपर्यंत ठीक चाललं. मग त्या डॉक्टरांनी काकूंना विचारलं, की यांनी तुम्हाला मूत्रपिंड द्यायला सांगितलं का. काकू म्हणाल्या, त्यांना इचारा. काकांना विचारलं. काका म्हणाले, मी नकोच म्हणत होतो, तिला इचारा. समितीतल्या एका बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तुम्ही एकमेकांशी बोलत नाही का.

"न्हाई," काकू म्हणाल्या.

मुलानं कपाळाला हात लावला. वयस्क डॉक्टर पुढं झुकले. त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून. काकूंनी सांगितलं, खुर्चीपासून. त्यावर खुर्चीची सगळी हकीकत निघाली आणि कॅमेऱ्यानं ती मुकाट्यानं टिपली. ऐकून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, की मग अशा नवऱ्याला तुम्ही मूत्रपिंड का देता, हे मला समजावून सांगा.

"बोलणं बंद हाय, साहेब," काकू म्हणाल्या. "संसार बंद न्हाई."

टेबलामागं थोडी कुजबुज झाली. डॉक्टर म्हणाले, की कागदोपत्री आम्हाला एवढं पुरत नाही. तुमच्या मनावर कुणाचं दडपण नाही, हे आम्हाला दिसलं पाहिजे. तुम्ही त्यांच्याकडं बघून, त्यांनाच सांगा. जमणार नसेल तर आज आम्हाला थांबावं लागेल.

काकू बसून राहिल्या. काट्यावर बसल्या होत्या तशाच. मला भीती वाटली, की वर्षभर भूक मारून जे उतरवलं ते सगळं या एका वाक्यापाशी येऊन अडणार. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं, सवयीनं. मी बाकावरून हलले नाही. मग त्या खुर्चीसकट काकांकडं वळल्या.

"आवं," त्या म्हणाल्या. पदर सारखा करून पुन्हा म्हणाल्या, "आवं, मी माज्या खुशीनं द्यायलेय. घ्या."

काका गडबडले. इतक्या वर्षांनी समोरून शब्द आल्यावर त्याचं काय करायचं, हे त्यांना आठवेना. ते टेबलाकडं वळून म्हणाले, तिला म्हणावं... आणि समितीतल्या बाई पहिल्यांदाच चिडल्या. म्हणाल्या, तुम्हीच म्हणा की.

काकांचे ओठ हलले. मग तेही खुर्चीसकट काकूंकडं वळले. शेवटी म्हणाले, "चुकलं माझं. तुझीच होती खुर्ची."

"माहीत हाय," काकू म्हणाल्या, आणि पदरानं आधी स्वतःचं आणि मग, काही न बोलता, त्यांचं तोंड पुसलं. समितीनं सही केली.

*

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर काकूंनी डॉक्टरांना पहिलं विचारलं, की काढलेल्या मूत्रपिंडाचं वजन किती. त्यांनी सांगितलं, पावशेरही नाही. काकू पडल्या पडल्या म्हणाल्या, एवढ्याशा मालासाठी एवढं बारदान उतरवायला लावलं होय. टाके ओढले गेले म्हणून नर्सनं दटावलं, तरी त्या हसतच होत्या.

त्या वर्षाअखेर माझी बदली झाली. पुढं एकदा परळीकडं कामानं गेले होते तेव्हा वाट वाकडी करून घरी गेले. काकूंनी दहा किलो परत कमावले होते आणि वाटीएवढी भाकरी ताटाएवढी झाली होती. नवल काकांचं होतं. ते टुमटुमीत झाले होते. मूत्रपिंड टिकावं म्हणून ज्या गोळ्या देतात त्यांनी भूक वाढते आणि तोंड सुजतं. दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं, की वजन आवरा.

काकूंनी ते काम अंगावर घेतलं होतं. मी बसले होते तेवढ्या वेळात त्यांनी काकांना दुसरी भाकरी घेऊ दिली नाही, गुळाचा खडा हातातून काढून घेतला, दोन चकरा मारून या म्हणून अंगणात पाठवलं, चकरा लहान मारल्या म्हणून परत पाठवलं, गोळी घेतली का विचारलं, नाही म्हटल्यावर का नाही विचारलं, आणि हे सगळं तोंडानं, थेट, श्वास न घेता. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते बांध फुटल्यासारखं येत होतं. म्हैस दावणीला निवांत होती. तिला आता काम नव्हतं.

निघताना काका मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. चालताना त्यांना धाप लागत होती. मागून काकूंचा आवाज येतच होता, की सावलीतनं चला, डोक्यावर टोपी काहून घेतली न्हाई. काका थांबले आणि हळूच म्हणाले, की मॅडम, खरं सांगू का, पहिलंच बरं होतं. दिवसभर कान किटतात. जेवायला बसलं तरी चालू, झोपलं तरी चालू.

मी हसून म्हटलं, जाता जाता सांगू का काकूंना, की जरा कमी बोला म्हणून.

काकांनी घाबरून मागं बघितलं. काकू दारात उभ्या होत्या, कमरेवर हात देऊन, अजून बोलत. त्यांच्याकडं बघता बघता काकांची धाप जरा बसली.

"नका सांगू," ते म्हणाले. "बोलू द्या."